उंबरा नसलेली न्हाणी

माझ्या सासूबाई पडल्या त्या त्यांच्या स्वतःच्या घरात, पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात. मागच्या दारी मोरीत हंडा घासत होत्या, उठताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, आता काही महिने वॉकर घेऊनच चालायचं आणि पायरी-उंबरा होईल तितका टाळायचा. सासरे आधीच गेलेले, गावच्या घरात त्या एकट्याच. मग माझ्या नवऱ्याने त्यांना जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं झोपवून वरस्याला आमच्या घरी आणलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वरसे म्हणजे रोह्याला चिकटलेलं गावच होतं, पण धाटावच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची नवी नवी घरं उठत होती. त्यांतलंच एक आमचं. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे दोन पपया. नवरा एका केमिकल कंपनीत फिटर, मी रोह्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात दोघंच, त्यामुळे घर बांधताना न्हाणीचा विचार कोणी फारसा केलाच नव्हता. गवंड्याने बांधून दिली तशी ती होती. दारात वीतभर उंचीचा उंबरा, आत गुळगुळीत लादी आणि कोपऱ्यात एक भोक.

त्या उंबऱ्यानं पहिल्याच दिवशी आमची परीक्षा घेतली. सासूबाई वॉकर घेऊन न्हाणीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. वॉकरचे पुढचे दोन पाय आत टाकले की मागचे दोन अधांतरी. मग मी एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने, असं आम्ही त्यांना उचलून आत ठेवलं. आंघोळ झाल्यावर पुन्हा तसंच बाहेर. चार दिवस झाले आणि त्या भडकल्या.

"मना पोत्यासारखी उचलू नका. मी काय मीठ हाय?"

हे त्या उगीच बोलल्या नव्हत्या. बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी मिठागरावर काम केलं होतं. वाफे तुडवले होते, मीठ ओढलं होतं, डोक्यावरून वाहिलं होतं. अशा बाईला दोघांनी धरून आंघोळीला नेणं तिला किती लागत असेल, हे मला तेव्हा कळायला लागलं. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता आंघोळ नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी चालतं.

त्या दुपारी नवरा पहिल्या पाळीवरून आला, जेवला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढू लागला. तो मुळात कमी बोलतो. हातात पेन्सिल आली की उरलंसुरलं बोलणंही बंद. मी बाजूला बसून बघत होते. एक चौकोन, त्याला एका बाजूला दार आणि समोरच्या भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पट्टी.

"हे काय?"

"नाली. वर जाळी. आमच्याकडे प्लँटमध्ये जिथे ड्रम धुतात तिथे अशीच आहे. कितीही पाणी ओता, सगळं एका बाजूला जातं आणि जाळीतून खाली. उंबरा लागतच नाही. जमीन बाहेर जेवढी, तेवढीच दारात. फक्त आत जाताना किंचित उतार."

"आणि पाणी बाहेर खोलीत आलं तर?"

"नाही येणार. पाणी उलटं कशाला चढेल?"

मला पटलं. पण न्हाणी बांधायला मिस्त्री लागतो, आणि मिस्त्रीला पटायला हवं.

मिस्त्री रोह्याचा होता. आमच्या शेजारच्या दोन घरांचं काम त्यानेच केलेलं. पन्नाशीचा, एकटाच काम करणारा, हाताला जितका नीटस तितकाच तोंडाला सरळ. कॅलेंडरवरचं चित्र त्याने हातात धरून, उलटं करून, परत सुलट करून बघितलं.

"दादा, ही न्हाणी हाय का गोठा? असली नाली म्हशींच्या मागं असते."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतल्या खोलीतून, खाटेवरून, सासूबाईंचा आवाज आला.

"मंग म्हशीची सोय बरी हाय ना रं? म्हैस कई पडली नाय मोरीत!"

मिस्त्री आधी दचकला, मग खो खो हसला. हसता हसताच म्हणाला, "करू. पण दादा, पाणी तुंबलं तर माझं नाव सांगायचं नाय कुणाला."

दिवाळी होऊन गेली होती, पण शाळेची सुट्टी अजून बाकी होती, म्हणून काम लगेच काढलं. जुनी लादी फोडली, उंबरा फोडला, आणि आमची आंघोळ मागच्या पपयांखाली गेली. चार बांबू आणि दोन जुनी लुगडी यांचा आडोसा. सकाळच्या थंडीत तिथे उभं राहून दोन तांबे अंगावर घेतले की दात वाजायचे. सासूबाईंची मात्र तिथे छान सोय झाली. मागच्या दाराला पायरी नव्हती आणि अंगण सपाट होतं, त्यामुळे वॉकर घेऊन त्या आपल्या आपण जात, लाकडी खुर्चीवर बसत आणि उन्हात मनसोक्त आंघोळ करत. "कशाला फोडलीत ती न्हाणी? हीच बरी हाय," असं त्या म्हणायला लागल्या, तेव्हा नवरा जरा घाबरलाच.

नाली रोह्यातल्या एका फॅब्रिकेटरने स्टीलचा पत्रा वाकवून केली. न्हाणीच्या रुंदीएवढी लांब, चार बोटं खोल, डाव्या टोकाला पाणी जायला नळी. वरची जाळी त्याने पहिल्यांदा आणून दिली ती आम्ही सासूबाईंसमोर जमिनीवर ठेवली. त्यांनी वॉकरचा एक पाय उचलून जाळीवर टेकवला. तो दोन पट्ट्यांच्या फटीतून सरळ खाली गेला. फॅब्रिकेटर बिचारा जाळी खांद्यावर टाकून परत गेला आणि दोन दिवसांनी बारीक फटींची नवी करून घेऊन आला.

टाइल्स आणायला आम्ही दोघं पेणला गेलो. रोह्यातही दुकानं होती, पण नवऱ्याचं म्हणणं, पेणला जास्त प्रकार मिळतील. दुकानदाराने एकेक टाइल काढून काउंटरवर मांडली. गुलाबाची फुलं असलेली, संगमरवरासारख्या रेघांची, आरशासारखी चमकणारी. मला सगळ्याच आवडल्या. पण मी विचारलं, "ओली झाल्यावर पाय सरकतो का हो?"

"छे, बाई. आणि ओली कशाला ठेवायची? पुसून घ्यायची."

"न्हाणी आहे. ओली राहणारच."

"आजकाल सगळीकडे हीच जाते."

मी तांब्याभर पाणी मागितलं. दुकानदाराला वाटलं मला प्यायला हवंय, त्याने गार पाणी दिलं. मी गुलाबाची टाइल खाली जमिनीवर ठेवली, तिच्यावर ते पाणी ओतलं, चप्पल काढली आणि एक पाय तिच्यावर टाकला. पाय असा काही सटकला की मी काउंटर धरला म्हणून वाचले. नवरा म्हणाला, "अगं!" दुकानदार म्हणाला, "अहो!" आणि बाहेर उभे असलेले दोघंतिघं गंमत बघायला पायरीवर चढून आले.

मग मी हट्टालाच पेटले. एकामागून एक टाइल ओली करून तिच्यावर उभी राहिले. दुकानाची अर्धी जमीन भिजली. शेवटी दुकानदार मागच्या बाजूला गेला आणि धुळीने माखलेली एक राखाडी खरखरीत टाइल घेऊन आला. "ही बघा. ही घरात कोणी लावत नाही. गच्चीवर नाहीतर गाडी लावतात तिथे लावतात." ती ओली करून मी तिच्यावर उभी राहिले. घट्ट! टाच वळवून बघितली, तरी घट्ट. नवऱ्यालाही बूट काढून उभं केलं. बघ्यांपैकी एक म्हातारबाबा म्हणाले, "मला पण बघू द्या," आणि तेही उभे राहिले. जमिनीला ती राखाडी टाइल घेतली, आणि भिंतींना मात्र माझ्या आवडीची फिकट निळी.

खोके एसटीने आणायचे ठरवले ही आमची चूक. कंडक्टरने कुरकुर करत मागच्या सीटखाली ठेवू दिले. नागोठण्याच्या अलीकडे एका वळणावर वरचा खोका घसरला, दाराच्या पायरीवर जाऊन आपटला, आणि आतून जो आवाज आला तो ऐकून सगळी बस मागे वळून बघायला लागली. घरी येऊन उघडलं तर राखाडीतल्या आठ टाइल्स फुटलेल्या. पेणच्या दुकानात असलेला तो सगळा माल आम्हीच उचलून आणला होता. मी तशीच खोक्याजवळ बसून राहिले. पेणहून मिरवत आणलेल्या हुशारीचे तुकडे माझ्यासमोर पडले होते.

मिस्त्रीने मोजून बघितलं. "एक ओळ कमी पडंल, वहिनी. करू काहीतरी."

पण खरं घडलं ते उताराच्या वेळी. मिस्त्रीने जमिनीवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर घातला, त्याला ढाळ दिला आणि एक दिवस वाळू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाइल्स पाण्यात भिजत घालत होता. सासूबाई वॉकर टेकत दारात आल्या आणि उंबरा नसलेल्या त्या दारातून पहिल्यांदाच आत बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं.

"त्या उजव्या कोनात पानी ऱ्हानार."

मिस्त्रीने मान वर केली नाही. "नाय ऱ्हाणार, आजी. पाणसळ लावून बघितलंय."

"ऱ्हानार."

"आजी, तीस वर्षं हेच करतोय."

"व्हय रं. पन पानी ऱ्हानार."

मी मधे पडणार होते, पण सासूबाईंनी माझा दंड धरला. "मना आत ने गो." त्यांनी पायातली रबरी चप्पल काढली. एक हात वॉकरवर, एक माझ्या खांद्यावर, अशा त्या त्या खरखरीत थरावर उतरल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच त्या न्हाणीत स्वतःहून पाय टाकत होत्या. डोळे मिटले. चांगला पाय पुढे सरकवला, तळवा हळूच टेकवला, टाच दाबली, बोटं दाबली. पुन्हा अर्धं पाऊल. मिस्त्री हातातली टाइल तशीच पाण्यात धरून बघत राहिला.

"हतं मधी फुगलाय," पायाखालची जागा दाबत त्या म्हणाल्या. "आनि हतना तो कोन खाली हाय. तू सगला डाव्या कोनाकडं वढलास. नाली लांब हाय ना? मंग उतार बी सगल्या लांबीला पायजे."

मिस्त्री उठला. लाकडी पट्टी घेतली, सासूबाईंनी दाखवलेल्या जागी आडवी ठेवली आणि खाली वाकून बघितलं. मग खिशातून काडेपेटी काढून एक काडी पट्टीखाली सरकवली. काडी एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. त्याने दुसरी काडी दुसरीकडे घालून बघितली. ती अडकली. मी तांब्याभर पाणी त्याच्या हातात दिलं. त्याने ते ओतलं. बरंचसं पाणी डाव्या कोपऱ्याकडे पळालं, आणि बाकीचं उजवीकडे वळून कोपऱ्यात जाऊन बशीएवढं तळं करून बसलं.

मिस्त्रीने थापी खाली ठेवली, बाहेर गेला आणि नाक्यावर चहा प्यायला बसला. मला वाटलं, गेला. तासाभराने आला. आला तो सरळ छिन्नी-हातोडा घेऊन, आणि आदल्या दिवशीचा थर त्याने फोडून काढला. मग सासूबाईंच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

सासूबाई उठून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गेल्या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्याला मिठागर सांगितलं. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायचं, आणि ते जावं म्हणून जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून अशी करायची की पाणी कुठे थांबणार नाही आणि कुठे पळणार नाही. हातात कसलंही हत्यार नाही. बाया हातात हात धरून ओळीने तुडवायच्या आणि ज्या जागी पाय जरा खोल जाईल तिथे परत यायच्या. एका जागी पाणी साचलं तर तिथलं मीठ काळं येतं, मुकादम ओरडतो. "चालीस वरसा तुडवलंय," त्या म्हणाल्या. "डोल्यांना आता दिसत नाय बरोबर. पायाला कलतं."

माझं माहेर गागोदे बुद्रुकच्या बाजूचं. आमच्याकडे भातशेती. वडील बांधावर उभे राहून खाचरात पाणी सारखं भरलंय का ते बघत, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण शिकून नोकरीला लागल्यावर, ते काही शहाणपण असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत राहिले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

पुढचे दोन दिवस न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून सासूबाई बसल्या. मिस्त्री थर टाके, पट्टी फिरवी आणि मागे वळून बघे. त्या मान हलवत, किंवा बोट दाखवत. एकदा तर त्याने हात जोडून म्हटलं, "मावशी, जरा पाय द्या," आणि दोघंही हसायला लागले. थर वाळल्यावर पुन्हा पाणी ओतलं. दारापासून ते एका सरळ रेषेत निघालं, चादर ओढावी तसं पुढे सरकलं आणि नालीच्या पूर्ण लांबीत एकदमच खाली गेलं. नवरा नुकताच पाळीवरून आला होता, अंगात अजून कंपनीचे कपडे. त्याने पाच बादल्या एकामागून एक ओतल्या. सहावी भरायला निघाला तेव्हा मी बादली काढून घेतली.

कमी पडलेल्या ओळीचं मिस्त्रीने उत्तर शोधलं. त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या गच्चीतल्या उरलेल्या विटकरी रंगाच्या, तशाच खरखरीत टाइल्स होत्या. त्या त्याने बरोबर नालीच्या अलीकडे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावल्या. मला ते ठिगळ वाटलं. मी तोंड वाकडं केलेलं सासूबाईंनी पाहिलं. "लाल हाय ती बरी हाय," त्या म्हणाल्या. "मना दिसतंय तरी जाली कई सुरू व्हते ती." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. राखाडी जमीन आणि स्टीलची जाळी त्यांना एकच दिसली असती. त्यानंतर मी त्या ओळीला ठिगळ म्हटलं नाही.

सांधे भरून झाले, भिंतीला धरायला नळ्या बसल्या, आणि सात-आठ दिवस थांबून एका रविवारी सकाळी सासूबाई आंघोळीला निघाल्या. वॉकर घेऊन त्या दारापर्यंत आल्या, थांबल्या नाहीत, तशाच आत गेल्या. वळून मला म्हणाल्या, "तू बाहेर ऱ्हा." आणि दार लावून घेतलं. कडी वाजली.

मी बाहेर उभी. पाण्याचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काही नाही. मी हाक मारली. "आई?" उत्तर नाही. नवरा ओट्यावरून धावत आला. "आई!" आता दोघंही दार ठोकायला लागलो. आतून त्रासलेला आवाज आला, "काय रं? मेलू नाय मी. अंग घासतंय!"

पाऊण तासाने बाहेर आल्या. केस धुतलेले, ताजं लुगडं नीट नेसलेलं, कपाळ चमकत होतं. मी आत डोकावले, तर उजव्या कोपऱ्यात पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. वर त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या खराट्याने सगळी जमीनही धुऊन टाकली होती. मी रागावले. त्यांनी लक्ष दिलं नाही, उन्हात जाऊन केस वाळवत बसल्या.

सासूबाई आमच्याकडे बरीच वर्षं राहिल्या. वॉकर पुढे सुटला, काठी राहिली. आमची न्हाणी बघायला आधी शेजारी आले, मग कंपनीतले लोक, मग ओळखीपाळखीचे. त्या वर्षी वरस्यात मिस्त्रीने तशाच आणखी तीन केल्या आणि त्यांना 'कंपनी न्हाणी' असं नाव पडलं. पाणी तुंबलं तर नाव सांगू नका म्हणणारा माणूस आता आमचा पत्ता देऊन लोकांना बघायला पाठवत होता. त्यातल्या एका घरी ढाळ टाकायच्या वेळी तो स्वतः रिक्षा घेऊन आमच्या दारात आला.

"मावशींना न्यायला आलोय. अर्ध्या तासात परत आणून सोडतो."

सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं, काठी घेतली आणि रिक्षात बसल्या. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. परत आल्या तेव्हा ओटीत नारळ होता आणि तोंडात पान. मी विचारलं, "काय झालं, आई? बरोबर होता का उतार?"

"व्हय, आता शिकलाय तो," त्या ओट्याच्या पायऱ्या टाळून, मागच्या दाराने सावकाश आत येत म्हणाल्या. "पन त्यांच्या न्हाणीची खिडकी फार ल्हान हाय गो. सांगून आयलू, मोठी करा म्हनून."